न खाल्लेली झालमुडी

बाबा,

त्या महाशिवरात्रीच्या खिचडीत दाण्याचं कूट मी घातलं होतं. हे तुम्हाला माहीत होतं, मला माहीत आहे, आणि आईला अजूनही माहीत नाही. तिला आता सत्त्याऐंशी पूर्ण होतील. कानांनी कमी ऐकू येतं, गुडघे कामातून गेलेत, पण तुमच्यावरचा राग मात्र ठणठणीत आहे. कालच वरच्या मजल्यावरची नवी भाडेकरीण भेटायला आली, तर आईने तिला सगळी कथा ऐकवली, साठ वर्षं कोलकात्यात काढूनही मोडक्याच राहिलेल्या तिच्या त्या बंगालीत. कसा सोन्यासारखा माणूस, कसं विलायती पद्धतीचं ऑपरेशन झालं, आणि कशी त्याने ऐन शिवरात्रीला उपास मोडून एस्प्लनेडला झालमुडी, ती मुरमुऱ्यांची तिखट भेळ, खाल्ली नि सगळ्यावर पाणी फिरवलं. मी नेहमीप्रमाणे काहीतरी निमित्त काढून आत निघून गेले. ती बाई तुम्हाला ओळखतही नाही, आणि तुम्ही खादाड होतात एवढं मात्र आता तिला पक्कं ठाऊक झालं आहे.

तुम्ही आणि खादाड! मला आठवायला लागल्यापासून तुमच्या ताटात काही धड नसायचंच. मी आठ-नऊ वर्षांची असेन तेव्हा तुमच्या मोठ्या आतड्याला व्रण झाले. रक्त पडायचं, दिवसातून पंधरा-पंधरा वेळा जावं लागायचं. बेहालाच्या त्या घरात आपल्याला आणि घरमालकांना मिळून एकच संडास होता, आणि मालकीणबाई दाराबाहेर बादली आपटून आपण रांगेत आहोत हे कळवायच्या. बेहाला ते एस्प्लनेड ट्रामच्या वाटेवर कुठल्या थांब्याजवळ सोय आहे, कुठला हॉटेलवाला काही न घेता आत जाऊ देतो, हे तुम्हाला तोंडपाठ होतं. कचेरीत तुम्ही ड्राफ्ट्समन. एकदा तुम्ही गमतीत त्या वाटेचा नकाशाच काढलात, प्रत्येक सोयीच्या जागी लाल टिंब. आईने तो पाहिला आणि पदर तोंडाला लावून हसता हसता रडायला लागली. मग ते वाईट वर्ष आलं, तुमचं वजन माझ्याहून थोडंच जास्त उरलं, आणि डॉक्टरांनी तुमचं सगळं मोठं आतडं काढून टाकलं. लहान आतड्याचं तोंड पोटावर उजव्या बाजूला बाहेर काढलं. त्यावर रबराची पिशवी, कमरेला पट्टा. जीव वाचला. आता जन्मभर हे असंच, असं सांगून त्यांनी तुम्हाला घरी पाठवलं.

त्या पिशवीचे दिवस तुम्ही कधी बोलून दाखवले नाहीत, म्हणून मीच सांगते मला काय दिसायचं ते. पिशवीभोवतीची कातडी सोलवटून लाल व्हायची, आई जस्ताचं मलम लावायची आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत पाढे म्हटल्यासारखं काहीतरी पुटपुटायचात. दोन पिशव्या होत्या. एक अंगावर, एक धुऊन गच्चीत उशीच्या अभ्र्यात लपवून वाळत घातलेली. मालकीणबाईंनी एकदा अभ्रा उघडून पाहिलाच. "ए आबार की?" म्हणून विचारलं, तर आईने बेधडक सांगितलं की माझ्या गुडघ्यांसाठी शेकायची पिशवी आहे. त्या काळी तिचे गुडघे हरणासारखे होते. त्यानंतर मालकीणबाईंसमोर जिना उतरताना तिला लंगडावं लागायचं, आणि आपण दोघं दारामागे उभे राहून हसू दाबायचो. पण गणपतीत कुणी हसलं नाही. आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीची पूजा दरवर्षी तुम्ही सांगायचात, उघड्या अंगाने, सोवळं नेसून. त्या वर्षी तुम्ही सदरा-पँट घालून मंडपाच्या दाराशी चपलांपाशी बसलात. सगळ्यांनी आग्रह केला. तुम्ही एवढंच म्हणालात, "ही घेऊन देवासमोर कसा बसू?" दुसऱ्या कुणी सांगितलेली पूजा तुम्ही दाराशी बसून ओठ हलवत ऐकलीत. मी तुमच्या शेजारी बसले होते.

मग ते विलायतेहून शिकून आलेले सर्जन भेटले. बंगाली, गोरेपान, बोलताना सारखा चष्मा पुसणारे. त्यांनी सांगितलं की आतड्याचीच एक थैली पोटाच्या आत शिवता येते, तिला आतड्याचीच झडप करता येते. पोटावर नुसतं एक भोक राहील, त्यावर कापसाची घडी. बाहेर पिशवी नको, पट्टा नको. दिवसातून तीन-चारदा भोकातून नळी आत घालायची, थैली रिकामी करायची, नळी धुऊन ठेवायची. नवीन पद्धत आहे, झडप कधी घसरते, कधी थैलीला सूज येते, पुन्हा उघडावं लागतं, हेही त्यांनी न लपवता सांगितलं. आई नको म्हणाली. तिचं म्हणणं, जिवंत आहात, पुरे आहे. तुम्ही घरी आलात, ट्रेसिंग पेपर पसरलात आणि मला सगळं काढून दाखवलंत. "हे बघ, खालचा मजला पाडला, आता वरच्या मजल्यावर टाकी बसवायची. हा नळ. हा नळ आतूनच बंद राहतो." प्रत्येक भागाला बाण, प्रत्येक बाणापुढे तुमची ती छापल्यासारखी अक्षरं. मी तेरा वर्षांची होते. मी म्हटलं, "मग तुम्ही गणपतीला बसाल?" तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत आणि म्हणालात, "मग काय तर. जे सगळ्यांच्याच पोटात असतं ते माझ्याही पोटातच राहील. देवाची हरकत असायचं कारण नाही." त्या संध्याकाळी तुम्ही आईला सांगितलंत की ऑपरेशन करायचं ठरलं.

आणि ते झालंही काय सुरेख! पहिला महिनाभर नळी आतच ठेवली होती, तुम्ही कासावीस झाला होतात, पण एकदा ती काढली आणि तुम्ही आपली आपण घालायला शिकलात तसे दुसरेच झालात. नळी साबणाच्या डबीत, डबी कचेरीच्या पिशवीत, पेन्सिलींच्या शेजारी. मेट्रोसाठी एस्प्लनेडचे रस्ते खणलेले, ट्रामला गर्दी, आणि तुम्ही त्या गर्दीत दांडीला लोंबकळत घरी यायचात, कपाळाला घाम, मजेत. पाच-सहा वर्षांत पहिल्यांदा मी तुम्हाला उभ्याने प्रवास करताना पाहिलं. त्या भाद्रपदात तुम्ही सोवळं नेसून पूजा सांगायला बसलात. आवाज इतका चढवलात की ढाकवाल्यांनीही हात थांबवले. आई बायकांच्या रांगेत बसून तुमच्याकडे अशी बघत होती की मलाच लाज वाटली. दोन वर्षं, बाबा. बरोबर दोन गणपती.

डॉक्टरांनी दिलेली इंग्रजी यादी आईने स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवली होती. दाणे नकोत, खोबरं नको, मका नको, पालेभाजीचे देठ नकोत. म्हणजे मराठी माणसाने खायचं काय, असं तुम्ही विचारलंत, पण यादी पाळलीत. दोन वर्षं मऊ भात, गाळलेलं वरण, लाल भोपळा, दहीभात. आईने तुमच्यासाठी वेगळं पातेलं ठेवलं होतं. महाशिवरात्र आली तेव्हा नेमकी ती बाजूला बसली होती, तिसरा दिवस, त्यामुळे स्वयंपाक माझ्याकडे. मागच्या खोलीच्या उंबऱ्याआड चटईवर बसून ती सूचना देत होती. "बाबांच्या वाटचा साबुदाणा आधी परतून बाजूला काढ, मग बाकीच्यात दाणे-खोबरं घाल. ऐकलंस ना गं?" ऐकलं होतं. मी काढलाही. पण कूट न घातलेला साबुदाणा काय होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. वाटीत खळीचा गोळा बसला. चमचा उभा केला तर उभाच राहिला. माझ्या कढईत मात्र बाकीची खिचडी मोकळी, चमकणारी, तुपाजिऱ्याच्या वासाची. मी गोळ्याकडे पाहिलं, कढईकडे पाहिलं. आणि मी मनाशी म्हटलं, उपासाचं तर आहे. उपासाचं म्हणजे पोटाला हलकंच असतं, सगळे तसंच म्हणतात. खाली मालकीणबाई शिवरात्रीला पाण्याचा थेंबही घेत नसत आणि आपण साबुदाणा, बटाटा, दाणे, तूप असं पोटभर खाऊन पोटाला विश्रांती दिली म्हणत होतो. मी तो गोळा केराच्या डब्यात तळाशी दडपला आणि कढईतली खिचडी तुमच्या ताटलीत वाढली. खरं सांगायचं तर मला तुमची शाबासकी हवी होती.

तुम्ही कचेरीला निघण्याआधी जेवायला बसलात. ताटलीकडे पाहिलंत. मग माझ्याकडे पाहिलंत. मग मागच्या खोलीच्या दाराकडे. कूट काही लपत नाही, आणि खोबरं तर मी वरून भुरभुरलं होतं. तुम्ही पहिला घास घेतलात आणि डोळे मिटलेत. किती वेळ चावत होतात! मी समोर झारा घेऊन उभी. "आणखी आहे?" असं तुम्ही हळूच विचारलंत. आतून आई ओरडली, "जमली का हो तिला?" तुम्ही तोंडातला घास गिळून म्हणालात, "तुझ्यापेक्षा बरी." मी दुसऱ्यांदा वाढली. तुम्ही ताटली बोटाने पुसून घेतलीत, स्वतःच विसळलीत, आणि ट्रामला गेलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही न्हाणीघरातून बाहेर आलात ते भिंत धरत. नळी आत जात नव्हती. अकरा वाजेपर्यंत तीनदा प्रयत्न केलात, पोट टम्म, चेहरा राखेसारखा. टॅक्सी मिळाली. आई चौथ्या दिवसाचं न्हाणं अर्धवट टाकून ओल्या केसांनी आली. दवाखान्यात त्यांनी कशीबशी बारीक नळी घातली, पाणी सोडून थैली धुतली, आणि ट्रेमध्ये जे आलं ते पाहून सर्जनसाहेबांनी चष्मा काढला. दाण्यांचे कण, खोबऱ्याचे कण. "की खेयेछेन, मोशाय?" त्यांनी विचारलं. मी तुमच्या खाटेशी उभी होते. आई दारात. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. एवढ्या दुखण्यात तुम्हाला ते कसं सुचलं हे मला आजही कळत नाही. तुम्ही म्हणालात, "झालमुडी. काल. ऑफिशेर बाइरे." ट्रामची वाट बघत होतो, समोर झालमुडीवाला होता, राहवलं नाही, असं तुम्ही हिंदीत पुढे सांगितलंत. दाणेही त्यात, खोबऱ्याचे कापही त्यात. सगळं चपखल बसलं, तुमच्या ड्रॉइंगसारखं. डॉक्टर गरजले, "आपनी की पागोल? कतो बार बोलेछि!" आणि आई, जी जन्मात तुम्हाला चारचौघांत उलट शब्द बोलली नव्हती, ती दारातून म्हणाली, "अहो, शिवरात्रीला? मुरमुरे?" दुखण्याहून तुम्हाला ते लागलं असेल. तुम्ही मान खाली घातलीत. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी काय केलं सांगू? मला इतकं हायसं वाटलं की मला भूक लागली.

झडप घसरली होती. त्यांनी पुन्हा उघडून ती बसवली, पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा घसरली, आता नळी धड जाईना आणि थैली मात्र झिरपायला लागली. शेवटी त्यांनी थैली काढून टाकली आणि तुम्ही रबराच्या पिशवीवर परत आलात. गणपतीत पुन्हा दाराशी. आई तुमची सगळी सेवा करायची, मलम लावायची, पिशव्या धुवायची, आणि तोंडाने बोलत राहायची. महादेवाला फसवलंत, त्याचं हे फळ. जिभेवर ताबा नाही तो माणूस कसला. तुम्ही ऐकून घ्यायचात. एकदा फक्त, ती बाहेर गेलेली असताना, मी तुमच्याजवळ येऊन "बाबा, ती खिचडी" एवढंच म्हटलं, तर तुम्ही वर्तमानपत्र खाली न करता म्हणालात, "चांगली झाली होती." पान उलटलंत आणि मला क्रिकेटचा स्कोअर वाचून दाखवायला लागलात. पाच वर्षांनी तुम्ही गेलात, ते हृदयाने. त्याचा पोटाशी काही संबंध नव्हता, पण आईने तोही झालमुडीच्या नावावर लावला.

आता माझं ऐका. तुमचा आजार माझ्याकडे आला, उशिरा, पन्नाशी उलटल्यावर. माझंही मोठं आतडं काढलं, आठ वर्षं झाली. मलाही आत थैली आहे. पण आता ती खालीच जोडतात, झडप नाही, नळी नाही, पोटावर भोक नाही. मध्ये तीन महिने तेवढी पिशवी होती, पातळ, चिकटणारी, वास न येणारी. ती पहिल्या दिवशी हातात घेतली आणि तुमची रबराची आठवून मी नर्ससमोर ढसाढसा रडले, तिला वाटलं मी घाबरले. दिवसातून सहा वेळा जाते. वर्षातून एक-दोनदा थैलीला सूज येते, ताप येतो, कपडे खराब होतात, गोळ्या घेतल्या की आठवड्यात उतरते. एवढं सोडलं तर मी बरी आहे. शाळेत शिकवत होते तेव्हा शेवटच्या वर्षापर्यंत उभ्याने शिकवलं. माझे डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांना मी तुमचं सगळं सांगितलं, खिचडीसकट. जगात एवढ्या एकाच माणसाला सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले की त्या काळच्या झडपा घसरायच्याच, दाणे खाणाऱ्यांच्याही आणि न खाणाऱ्यांच्याही. दाण्यांनी फार तर नळी तुंबते. नळी आतच जात नाही म्हणजे झडप बहुधा आधीपासून सरकत असणार. "त्याआधी त्यांना वेळ लागायचा का?" असं त्यांनी विचारलं, आणि मला एकदम आठवलं. लागायचा. त्या शिवरात्रीच्या आधी महिनाभर तुम्ही न्हाणीघरात अर्धा-अर्धा तास असायचात. मालकीणबाई बादली आपटायच्या आणि तुम्ही आतून "आसछि, आसछि" म्हणायचात. आम्हाला विचारायचं सुचलं नाही.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. टाकीचा नळ बिघडतोय हे ड्राफ्ट्समनला कळणार नाही तर कुणाला. इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही ती खिचडी माझं मन मोडू नये म्हणून खाल्लीत. आता माझ्याच पोटात थैली आहे म्हणून सांगते, तसं कुणी खात नाही. दोन वर्षं भोपळा खाल्लेला माणूस दुसऱ्यांदा वाढून घेतो ते मुलीचं मन राखायला नाही. तुम्हाला ती हवी होती. थैली जाणार हे ठरलंच असेल तर निदान एकदा मनासारखं खाऊ, असं तुम्ही त्या पहिल्या घासाला ठरवलं असणार. आणि बाबा, याचा मला इतका आनंद झाला की मी घरी येताना टॅक्सीत एकटीच हसत होते. आई म्हणते ते थोडंसं खरंच आहे, तुम्ही खादाड होतात, फक्त पदार्थ चुकला तिचा.

तेव्हा आता घाबरण्यासारखं काही उरलेलं नाही. थैली खिचडीने गेली नाही, झालमुडीने तर नाहीच. आईला मोकळेपणी सांगता येईल, तुमचा शिवरात्रीचा उपास तुम्हाला परत मिळेल, आणि कुणाचंच काही बिघडणार नाही. हे पत्र इथपर्यंत लिहून मी मघाशी उठले आणि तिच्या खोलीत गेले. ती उन्हात पाय पसरून बसली होती. मी म्हटलं, "आई, त्या शिवरात्रीला बाबांनी..." पुढचं तिने बोलूच दिलं नाही. "नाव काढू नकोस त्या झालमुडीचं," असं म्हणून तिने सुरुवात केली, मनापासून, तोंडाचं बोळकं हलवत, आणि बोलता बोलता तुम्ही ट्रामच्या दांडीला कसे लोंबकळत यायचात तिथे येऊन पोचली, आणि तिचा चेहरा असा काही उजळला की मी तिच्या पायाशी बसून ऐकत राहिले. मला वाटलं, हिला तुमच्याशी बोलायला एवढं एकच भांडण उरलंय, ते मी का काढून घेऊ. हे कारण मला फार आवडलं. तेच घेऊन मी परत टेबलाशी आले.

पण तुमच्यापुढे ते चालायचं नाही. हा कागद मी माझ्या रिपोर्टांच्या फाइलीत ठेवणार आहे, कारण ती फाइल आई कधी उघडत नाही. यावरूनच काय ते समजा. ती भिंग घेऊन का होईना, हे वाचेल आणि मला रागावेल, एवढीच भीती आहे. चौसष्ट वर्षांची झाले, बाबा, आणि अजून तुम्हालाच बोलणी खाऊ देते आहे.